खिडक्यांचा कारभारी

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी आपण माऊसने धरतो, बाजूला सरकवतो, कोपरा ओढून लहान करतो. हे काम नक्की कोण करतं, असा प्रश्न फार थोड्यांना पडत असेल. आपल्या मंडळातले निम्मे लोक या ना त्या रूपाने कॉम्प्युटरच्या धंद्यात आहेत, पण गणपतीच्या जेवणात मी हा प्रश्न काढला तेव्हा समोरच्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला तो पडण्याचं कारणही नाही म्हणा. तिथे खिडक्या सांभाळणारा भाग आणि बाकीची यंत्रणा एकजीव असतात, वेगळे काढता येत नाहीत. युनिक्सच्या जगात मात्र या कामासाठी एक स्वतंत्र प्रोग्रॅम असे. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. जुन्या संस्थानात कारभारी असे, तसा हा. गादी त्याची नाही, खजिना त्याचा नाही, पण दरबारात कोण कुठे बसणार आणि कोणाला पुढे बोलावणार हे तो ठरवतो. शिवाय राजा न बदलता कारभारी बदलता येतो. गेल्या चाळीस वर्षांत असे कितीतरी कारभारी होऊन गेले. त्यातले जे अंगाने किरकोळ आणि खायला कमी होते, त्यांची ही हकिगत.

सुरुवात एमआयटीत होते. १९८३ मध्ये तिथे डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या मदतीने 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला. विद्यार्थ्यांना सगळ्या आवारात कॉम्प्युटर मिळावेत आणि कुठल्याही यंत्रावर बसलं तरी आपलं काम समोर यावं, असा बेत होता. अडचण अशी की यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची आणि प्रत्येकाचा पडदा निराळा. त्याच सुमारास एमआयटीच्याच कॉम्प्युटर सायन्सच्या प्रयोगशाळेत बॉब शायफलर यांना आपल्या कामासाठी पडद्यावर खिडक्या हव्या होत्या, आणि अथीनात जिम गेटिस यांनाही. स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची एक खिडक्यांची व्यवस्था तयार होतीच. शायफलर यांनी तिच्यातला बराचसा भाग उचलला, प्रत्येक आज्ञेनंतर उत्तराची वाट पाहत थांबायची तिची सवय मोडली आणि इंग्रजी मुळाक्षरांत डब्ल्यूनंतर एक्स येतो म्हणून नाव ठेवलं 'एक्स'. १९ जून १९८४ रोजी त्यांनी सहकाऱ्यांना ई-मेलने ही बातमी दिली. दोनतीन आठवड्यांचं काम आहे, असं त्यात होतं! पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि १५ सप्टेंबर १९८७ ला अकरावी आली. बारावी आलीच नाही. आजही जिथे एक्स चालतो तिथे तो अकरावाच चालतो.

एक्स लिहिणाऱ्यांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो त्यांच्या कामातला सर्वांत दूरवर पोचलेला निर्णय होता. आम्ही साधनं देऊ, ती कशी वापरायची हे ठरवणार नाही, असा तो निर्णय. पडद्यावर रेघ काढणं, अक्षर उमटवणं, माऊस कुठे गेला ते कळवणं, इतकं एक्सचा सर्व्हर करी. खिडकीला वर पट्टी असावी का, ती कोणत्या रंगाची, खिडक्या एकमेकींवर पडाव्यात की शेजारी शेजारी मांडाव्यात, याबद्दल सर्व्हरला मत नव्हतं. तो प्रश्न दुसऱ्या एका प्रोग्रॅमवर सोपवला होता, आणि तो प्रोग्रॅम इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखाच एक सामान्य ग्राहक होता. त्याला कसलेही राजेशाही अधिकार नव्हते. फक्त एक सवलत होती.

ती सवलत समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या प्रोग्रॅमला आपली खिडकी दाखवायची असली की तो सर्व्हरला तशी विनंती करतो. एरवी सर्व्हर ती लगेच पुरी करतो. पण एखाद्या ग्राहकाने आधीच सांगून ठेवलं असेल की 'मूळ पडद्यावर येणाऱ्या अशा विनंत्या आधी माझ्याकडे पाठव', तर सर्व्हर स्वतः काही करत नाही, ती चिठ्ठी त्या ग्राहकाकडे सरकवतो. असं सांगण्याचा मान एका वेळी एकालाच मिळतो. दुसरा कोणी मागायला गेला तर त्याला नकार मिळतो. ज्याला तो मान मिळाला तो विंडो मॅनेजर. चिठ्ठी आली की तो एक चौकट तयार करतो, तिला पट्टी आणि कडा लावतो, प्रोग्रॅमची खिडकी उचलून त्या चौकटीत बसवतो आणि मग सगळं मिळून पडद्यावर ठेवतो. आतल्या प्रोग्रॅमला आपण चौकटीत आहोत याची फारशी दखलही घ्यावी लागत नाही. कारभारी अचानक मेला तर? सर्व्हर त्या चौकटींतल्या खिडक्या सोडवून परत मूळ पडद्यावर ठेवतो. पट्ट्या जातात, पण प्रोग्रॅम चालू राहतात. मग दुसरा कारभारी नेमा, तो येऊन नव्या चौकटी घालतो.

डॉक्टरेटच्या दिवसांत याचा मला रोजचा उपयोग होता. तीन तीन दिवस चालणारी आकडेमोड एका खिडकीत सुरू असे आणि तिचा आलेख दुसरीत हळूहळू उमटत असे. मला एखादा नवा विंडो मॅनेजर करून पाहण्याची हुक्की आली की मी जुना बंद करी, नवा सुरू करी, आणि आलेख आपला चाललेला. शेजारच्या टेबलावरचा चिनी मित्र हा प्रकार पहिल्यांदा पाहून खुर्चीतून उठून आला होता.

असो. सुरुवातीच्या काळात 'यूडब्ल्यूएम' नावाचा मॅनेजर प्रचलित होता, पण त्यात खिडकीला वरची पट्टीच नव्हती. १९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज या इंजिनियरने 'इव्हान्स अँड सदरलँड' या ग्राफिक्सच्या कंपनीत असताना स्वतःचा मॅनेजर लिहिला. टॉमचा विंडो मॅनेजर म्हणून 'टीडब्ल्यूएम'. खिडकीला पट्टी, पट्टीवर नाव, बाजूला लहानशी बटणं आणि सगळ्या आवडीनिवडी एका साध्या मजकुराच्या फाईलीत. तो इतका पसंत पडला की १९८९ च्या अखेरीस निघालेल्या एक्सच्या संचात तोच प्रमाण म्हणून आला. सार्वजनिक झाल्यावर त्यातल्या 'टी'चा अर्थ 'टॉम' न राहता 'टॅब' झाला. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना आठवत असेल: मागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बारीक वीण, डोळ्यांना त्रास देणारी; आणि नवी खिडकी उघडली की तिची नुसती जाळीदार रेघांची चौकट माऊसला चिकटून फिरे. जिथे क्लिक कराल तिथे खिडकी बसे. जागा तुम्हीच दाखवायची!

मोठ्या कंपन्यांनी याच मोकळिकीचा उपयोग भांडणासाठी केला. सन आणि एटी अँड टी यांनी 'ओपन लुक' काढलं, त्यांच्या विरोधातल्या कंपन्यांच्या आघाडीने 'मोटिफ'. खिडकीची कड कशी दिसावी यावर वर्षानुवर्षं वाद चालला. १९९३ मध्ये तह झाला, सनने मोटिफ पत्करलं आणि त्यातून सगळ्यांचा एक सामाईक डेस्कटॉप निघाला. तोवर विंडोजने टेबलं काबीज करायला सुरुवात केली होती. या भांडणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात रस नाही, कारण त्याच वर्षी याहून महत्त्वाची गोष्ट एका माणसाने घरगुती पातळीवर केली.

त्या माणसाचं नाव रॉबर्ट नेशन. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी ध्वनीच्या खुणांचं पृथक्करण करण्याच्या कामावर होता. १९९१ मध्ये लिनक्स आलं होतं, आणि त्यापाठोपाठ साध्या पीसीवर एक्स चालवण्याची सोयही झाली होती. पण एक्स जन्मला होता विद्यापीठांच्या महागड्या वर्कस्टेशनवर. घरच्या ३८६ किंवा ४८६ मध्ये मेमरी असे ४ किंवा ८ मेगाबाईट. आज फोनने काढलेला एखादा फोटो तेवढा असतो. एक्स चालवायचं तर ८ तरी हवेत असं जाणकार सांगत. ४ मध्येही चाले, पण मेमरी संपली की कॉम्प्युटर उरलेलं सामान हार्ड डिस्कवर टाकू लागे आणि ती डिस्क जात्यासारखी घरघरत राही. अशा यंत्रात टीडब्ल्यूएमसारखा 'साधा' मॅनेजरही जड होता.

नेशनने टीडब्ल्यूएमचा कोड उघडून तो इतकं खातो कशाला ते पाहिलं. मोठं कारण सापडलं ते मजेशीर आहे. माऊसचं कुठलं बटण, कुठल्या जागी, कुठली कळ दाबून धरली असता काय करायचं, याची नोंद मॅनेजरला ठेवावी लागते. टीडब्ल्यूएमने शक्य असलेल्या प्रत्येक जोडणीसाठी आधीच एक जागा राखून ठेवली होती. म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसासाठी पान मांडून ठेवायचं आणि जेवायला आले वीसपंचवीस! नेशनने ती पंगत उठवली आणि जितके आले तितक्यांचीच यादी ठेवली. तेवढ्या मुख्य बदलाने मेमरीचा खर्च निम्म्यावर, काही वेळा तिसऱ्या हिश्श्यावर आला, असं त्याच्या सोबतच्या माहितीपत्रकातच नोंदवलेलं आहे. वाचलेल्या जागेत त्याने खिडक्यांना उठावदार कडा दिल्या, आणि एका पडद्यामागे अनेक पडदे असल्यासारखा भास देणारा 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' बसवला. ती कल्पना लास्ट्रेंजनेच आधी एका मॅनेजरमध्ये आणली होती, पण गरिबाच्या यंत्रावर ती नेशनने आणली.

१९९३ मध्ये त्याने हे सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव 'एफव्हीडब्ल्यूएम'. त्यातला 'एफ' म्हणजे 'फीबल', दुबळा, असं सांगतात. पण पुढे खुद्द कर्त्यालाच तो आठवेना, आणि वापरणाऱ्यांनी मग डझनावारी अर्थ सुचवले. इंजिनियरच्या दृष्टीने त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे जादा सोयी त्याने मॅनेजरच्या पोटात घातल्या नाहीत. पडद्यांचा नकाशा दाखवणारा, बटणांची पट्टी दाखवणारा, असे लहान लहान स्वतंत्र प्रोग्रॅम केले आणि ते गाभ्याशी बोलत. ज्याला नको त्याने ते चालवू नयेत, मेमरी वाचेल.

माझी आणि याची गाठ पडली ती आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात, १९९९ च्या सुमारास. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून आम्ही लिनक्स चढवलं होतं. प्रयोगशाळेतली चांगली यंत्रं आम्हाला मिळत नसत. मिळे ते कोपऱ्यातलं जुनं ४८६, ज्यावर विंडोज ९५ सुरू होईपर्यंत चहा पिऊन येता येई. त्याच डब्यावर एफव्हीडब्ल्यूएम चारचार खिडक्या उघडून सुरळीत चालला. कॉम्प्युटर जुना झाला म्हणजे नक्की काय झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. त्याचे ट्रान्झिस्टर काही झिजलेले नसतात.

पुढची वंशावळ लांब आहे. एफव्हीडब्ल्यूएमच्या कोडमधून 'आफ्टरस्टेप' निघाला, विंडोजची हुबेहूब नक्कल करणारा 'एफव्हीडब्ल्यूएम ९५' निघाला, 'एक्सएफसीई'चा पहिला मॅनेजरही तिथूनच आला. दरम्यान १९९६ मध्ये जर्मनीत केडीईची आणि १९९७ मध्ये मेक्सिकोत जीनोमची घोषणा झाली. हे नुसते कारभारी नव्हते, पूर्ण सरंजाम होता: फाईली, घड्याळ, सेटिंग, सगळं एका घराण्याचं. सामान्य माणसाला तेच हवं होतं आणि त्यात गैर काही नाही. माझ्या बायकोला मी एकदा एफव्हीडब्ल्यूएमची फाईल दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अहो, खिडकी बंद करायला एवढं लिहायचं?" तिचा मुद्दा योग्यच होता.

तरी हलक्यांची परंपरा तुटली नाही. १९९७ मध्येच ब्रॅड ह्यूजचा 'ब्लॅकबॉक्स' आणि मार्को माचेकचा 'आइसडब्ल्यूएम' आले. २००६ च्या 'डीडब्ल्यूएम'ने तर कोड २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नेमच केला. काही बदल हवा असेल तर वापरणाऱ्याने कोडच बदलून पुन्हा बांधून घ्यावा. हा मला थोडा हट्टीपणा वाटतो. 'जेडब्ल्यूएम' म्हणजे जो विंगबरम्यूल यांचा मॅनेजर मात्र माझा लाडका. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, साधा सरळ. 'डॅम स्मॉल लिनक्स' नावाचा एक आख्खा संच ५० मेगाबाईटच्या आत, व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर मावे, त्यातही हा होता. ती मंडळी मध्यंतरी थांबली होती. २०२४ मध्ये तो संच परत निघाला, या वेळी मर्यादा ७०० मेगाबाईट, म्हणजे एक पूर्ण सीडी. काळाप्रमाणे त्यांनीही कंबरपट्टा सैल केला.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण हलकेपणाची किंमत तिथे मोजावी लागते. जुना एक्स अक्षर म्हणजे एक ठरावीक चित्र असं मानी. एकापुढे एक चित्रं ठेवली की शब्द झाला. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. जोडाक्षरांत अक्षरं एकमेकांत मिसळतात. २००० च्या आसपास एक्समध्ये गुळगुळीत अक्षरांसाठी 'एक्सएफटी' आलं, पण तेही एकेक अक्षर सुटंच मांडी. परिणाम असा की खिडकीच्या आत ब्राउझरमध्ये मराठी शुद्ध दिसे आणि त्याच खिडकीच्या पट्टीवर 'दिवाळी'तली वेलांटी 'द'ला सोडून 'व'च्या डोक्यावर बसे. 'किल्ला' तर पाय मोडलेला ल आणि भरकटलेली वेलांटी घेऊन यायचा. अक्षरं जोडून मांडण्याचं काम 'पँगो' नावाची लायब्ररी करते. तिचं नावच ग्रीक 'पॅन', म्हणजे सर्व, आणि जपानी 'गो', म्हणजे भाषा, यांच्या जोडणीतून आलं आहे. ब्लॅकबॉक्सपासून सुरू होऊन तिसऱ्या आवृत्तीत मुळातून नव्याने लिहिलेला 'ओपनबॉक्स' ती वापरतो, त्यामुळे त्याच्या पट्टीवर मराठी नीट दिसतं. जेडब्ल्यूएमनेही अलीकडे ती सोय केली. डीडब्ल्यूएमने एक्सएफटीवर भागवलं. पँगो जड आहे हे खरंच. पण एखाद्या भाषेची वेलांटी जागेवर येणं ही चैनीची बाब धरायची का, याबाबत माझं मत त्यांच्यासारखं नाही.

आणि ही वेलांटी आमच्याकडे फार तात्त्विक राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि आपल्या मंडळींच्या घरांतून धडाधड जुने लॅपटॉप बाहेर निघाले. त्यातले अकरा मराठी शाळेकडे आले. बहुतेकांत मेमरी २ किंवा ४ गिगाबाईट. एका पालकांनी सुचवलं की हे पुनर्वापराच्या केंद्रावर देऊन टाकावेत. मी म्हटलं, एक शनिवार द्या. लिनक्स आणि ओपनबॉक्स घातल्यावर त्यांतले नऊ व्यवस्थित चालू लागले, दोनांच्या बॅटऱ्या फुगलेल्या होत्या, ते केंद्रावरच गेले. पट्टीवर 'इयत्ता दुसरी – बाराखडी' असं नीट उमटलेलं पाहून शाळेच्या ताईंनी विचारलं, "हे पुढेही असंच चालेल ना, दादा?"

याचं प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' नावाची नवी व्यवस्था सुरू केली. तिची कारणं भक्कम आहेत. एक्समध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्यावर टंकलेलं सगळं चोरून ऐकू शकतो. १९८४ च्या विद्यापीठात ते खपलं, आज बँकेचं काम करताना खपत नाही. पण वेलँडमध्ये राजा आणि कारभारी एकच. पडदा रंगवणारा, माऊस ऐकणारा आणि खिडक्या मांडणारा हा एकच प्रोग्रॅम. तो कोसळला की सहसा त्याच्याबरोबर सगळ्या खिडक्या जातात. आणि एफव्हीडब्ल्यूएम किंवा जेडब्ल्यूएम तिथे जसेच्या तसे नेता येत नाहीत. नवा मॅनेजर म्हणजे नवा सर्व्हरच लिहायचा. २०२५ मध्ये रेड हॅटच्या दहाव्या एंटरप्राइज आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर काढून टाकला गेला; जुन्या प्रोग्रॅमसाठी वेलँडच्या आत चालणारा दुवा तेवढा ठेवला आहे. एकट्या माणसाने सवडीच्या वेळात कारभारी लिहावा आणि तो हजारोंनी वापरावा, ही जी वाट लास्ट्रेंज आणि नेशन यांना मोकळी होती, ती त्यामुळे बरीच चढणीची झाली.

बंद मात्र झाली नाही. २०१७ पासून 'डब्ल्यूएलरूट्स' नावाची लायब्ररी सर्व्हरचं अवजड काम तयार देते. तिच्यावर उभा असलेला 'लॅबडब्ल्यूसी' मुद्दाम ओपनबॉक्सच्या वळणाचा केला आहे, ओपनबॉक्सच्या धाटणीच्याच सेटिंगच्या फाईली वाचतो आणि पट्टीवरचं नाव पँगोकडून लिहून घेतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कंपनीने दोनएक वेगळे प्रयोग करून झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्व यंत्रांसाठी हाच पत्करला, अगदी कमी मेमरीच्या जुन्या यंत्रांसाठीसुद्धा. ताईंना मी म्हणालो की आणखी काही वर्षं काळजी नाही. नऊपैकी एका लॅपटॉपवर मी लॅबडब्ल्यूसी घालून ठेवला आहे आणि मुलांना काही सांगितलेलं नाही. चार शनिवार झाले; कोणता तो अजून एकालाही ओळखता आलेला नाही.